चारशे फूट खाली जेवण

पहिला दिवस, शुक्रवार

पुण्याच्या मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी दुकानामागच्या गोदामात खताची पोती मोजत होतो. म्हणे, "जिजाजी, बाबांची सत्तरी आपण खाणीत करू."

मी म्हटलं, अरे, माणूस रिटायर होऊन दहा वर्षं झाली, आता काय परत पाळीवर धाडतो का त्यांना? तर त्याचं म्हणणं असं की नागपूरच्या अलीकडे एका थीम पार्कमध्ये कोळशाच्या खाणीसारखं हॉटेल निघालंय. लिफ्टनं खाली नेतात, डोक्यावर हेल्मेट देतात, अंधारात जेवू घालतात. आमच्या पोट्ट्याला हे आधीच ठाऊक होतं. त्यानं रील काढून माझ्या नाकासमोर धरली. माणशी २,४०० रुपये, पार्कचं तिकीट वेगळं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडचा, सात एकर कापूस आणि एक कृषी केंद्र एवढाच पसारा. आकडा ऐकला की आधी त्याचा कापूस करून पाहायची सवय आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. म्हणजे एका ताटात तीस किलो कापूस, तोही ओलावा जास्त भरला म्हणून कापला नाही तर. पाच माणसांचा दीड क्विंटल. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बापानं सदतीस वर्षं खाणीत काढली, अन् आम्ही एकदाबी आत काय असते ते पायलं नाही. तुमचा कापूस ठेवा तिकडं." अर्धे पैसे मेव्हणा देणार होता. मी गप्प बसलो.

दुपारी निघालो. वडकी, करंजी, मारेगाव करत वणी. मारेगावपर्यंत सगळीकडे कापूस: शेतात, टेम्पोत, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला. वणीजवळ आलं की झाडांचा रंग बदलतो. कोळशाच्या ट्रकांमागे काच वर करून चालायचं, वायपर मारायचा नाही. मारला की काचेवर लेप बसतो.

मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, घर वणीपासून थोडं आत, खेड्यात. कंपनीचं क्वार्टर सोडल्यावर फंडाच्या पैशातून बांधलेलं. त्यांना फक्त "मोठ्या हॉटेलात जायचं" इतकंच सांगितलं होतं. सासूबाईंनी तरीही पुऱ्या, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा बांधून ठेवला होता. मोठ्या हॉटेलावर त्यांचा भरवसा नाही. रात्री वडाभात झाला, वर फोडणीचं तेल. तो इथे फुकट मिळतो आणि कोणी हेल्मेट घालायला सांगत नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सातला गाडी काढली. वर्धा नदी ओलांडून वरोरा. वरोऱ्याला इंग्रजांच्या काळातच कोळशाची खाण होती, रेल्वेही तिथे लवकर आली ती त्यासाठीच. आनंदवनाच्या फाट्यावर चहा घेतला. पुढे जाम, मग नागपूरचा हमरस्ता, आणि नागपूरच्या अलीकडे आत वळून दहा किलोमीटर. दोन्ही बाजूंनी शेंगांनी लगडलेली तूर, मधूनच घाट्यावर आलेला हरभरा, आणि एकदम त्या तुरीतून वर आलेला गुलाबी बुरूज. बैलगाडीवाला त्याच्याकडे न पाहता शेजारून चालला होता.

पार्कबद्दल फार सांगत नाही. पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या थंडीमुळे ओस होत्या. पोट्टा चार फुटाच्या वर भरला म्हणून त्याचंही पूर्ण तिकीट लागलं. मामाजी बाकावर बसून पाळण्याच्या वेल्डिंगकडे पाहत होते.

आमची वेळ दीडची. बाहेर रांगेत अर्धा तास गेला. तेवढ्यात मी मोबाईलवर पाहिलं, ही कल्पना काही नवीन नाही. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात १९३३ पासून अशी कोळशाची खाण आहे, लिफ्टनं खोल गेल्याचा भास होतो. फ्लोरिडात एपकॉट नावाच्या पार्कमध्ये २०२१ साली 'स्पेस २२०' उघडलं. तिथे उलटं, लिफ्ट 'वर' जाते, २२० मैल, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, आणि खिडकीच्या जागी लावलेल्या पडद्यांवर पृथ्वी पाहत जेवायचं. आपल्याकडे जयपूरची चोखी ढाणी १९८९ पासून खेड्याच्या देखाव्यात जेवू घालते आहे. सावनेरला तर कोळसा कंपनीनंच खरी खाण दाखवायची सहल काढली होती. जेवणाऱ्याला मात्र खरी खाण नको असते, खाणीसारखं हवं असतं.

दारावर पाटी वाचली तेव्हा मामाजींना कळलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नुसतं "अस्सं" म्हणाले आणि चपला काढायला वाकले. "बाबा, चपला ठेवा पायात," बायको म्हणाली. "बूट तरी लागतेत ना," ते म्हणाले. "खाली चपलेनं कोनी जाऊ देत नसे."

काउंटरवर एका पोरीनं पाच पितळी रंगाचे बिल्ले दिले, प्रत्येकावर नंबर. मागे भिंतीवर खिळ्यांची मोठी फळी होती, शोभेची. मामाजींनी विचारलं, "परत येताना कुठं लावायचा?" पोरगी हसून म्हणाली, "लावायचा नाही अंकल, घरी न्यायचा. आठवण म्हणून." त्यांनी बिल्ला उलटापालटा करून पाहिला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

मग हेल्मेट. पिवळं, हलकं, पुढे दिवा. मामाजींनी ते हातात तोललं, मग कमरेला हात लावून काहीतरी शोधल्यासारखं केलं. "ब्याटरी?"

"आतच आहे सर, एलईडी."

खरी गोष्ट तेव्हा कळली. त्यांच्या वेळी टोपीवरच्या दिव्याची वायर पाठीवरून खाली कमरेच्या पट्ट्यापर्यंत यायची आणि तिथे दोन-अडीच किलोची तेजाबाची बॅटरी लटकायची. आठ तास. ती झिरपायची. आता सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "डाव्या कुल्ल्यावर भोक. दर पँटले. सुटीच्या दिवशी मी ठिगळंच लावत बसो. मले वाटे, हा मानूस बसते कुठं!" आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की रांगेतले लोक वळून पाहू लागले. सदतीस वर्षांत खाणीचं त्यांनी जे पाहिलं ते एवढंच, धुण्याच्या दगडावर.

लिफ्ट म्हणजे लोखंडी जाळीचा पिंजरा. गालाला काजळ फासलेला एक पोरगा "धरून राहा" म्हणाला, पाय हादरले, खालून गार वारा आला आणि जाळीबाहेरची काळी खडबडीत भिंत सरसर वर जाऊ लागली. लाल आकडे पळायला लागले: ५०, १००, २००. पोट्ट्यानं माझा हात धरला. पिंजरा इंचभरही हललेला नसतो, भिंतच फिरते. काळ्या कापडाचा पट्टा दोन रुळांवर गोल फिरवलेला, जमिनीखाली थरथराटाचं यंत्र, वाऱ्याला पंखा. एका कोपऱ्यात पट्ट्याचा सांधा दर चार सेकंदांनी परत येत होता. तो दिसला नसता तर मीही फसलो असतो, खोटं कशाला बोलू. ४०० वर आकडा थांबला आणि समोरचं दार उघडलं.

"आमच्याकडे लिफ्ट नोती," मामाजी म्हणाले. "इनक्लाईन होता. उताराची वाट. पायी उतरा, पायी चढा. उतरताना काई नाही वाटत. पाळी झाल्यावर चढाव लागते तवा कळते."

आत मात्र जीव लावून केलेलं काम होतं, हे कबूल. बुटकं छत, लाकडी टेके, रुळावर उभा टब, म्हणजे कोळशाची छोटी गाडी, भिंतीत चमकणारा कोळसा, कुठूनतरी पाणी ठिबकण्याचा आवाज. पिंजऱ्यात एक पिवळा पक्षी दर मिनिटाला चिवचिवायचा. विलायतेत विषारी वायू ओळखायला कॅनरी नेत, तो हा. आमचं टेबल दोन टेक्यांच्या मधे. मामाजी बसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा मोठा चमचा उचलला आणि उलट्या दांड्यानं छताला ठोकलं. पलीकडे सरकून पुन्हा ठोकलं. मग तिसरीकडे, मान वाकडी करून ऐकत.

वेटर धावत आला. "काही प्रॉब्लेम, सर?"

"नाही बाप्पा. वाजवून पाह्यतो."

मग त्यांनी आम्हाला आणि त्या वेटरलाही सांगितलं. गाळ्यात, म्हणजे कोळसा काढायच्या बोगद्यात, शिरलं की आधी छताला पहार मारून ऐकायचं. टण्ण वाजलं तर दगड पक्का, भद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला, त्याच्याखाली थांबायचं नाही. मामाजी लोडर म्हणून लागले होते, टबात कोळसा भरायला, पण पुढची वीस वर्षं त्यांनी टिंबरमन म्हणून टेके लावण्यात काढली. ते टेक्याजवळ गेले, वरच्या टोकाशी बोट फिरवलं. "पाचरच नाही याले." खाणीत टेका आणि छताच्या मधे लाकडी पाचर ठोकून बसवतात, तेव्हा तो भार घेतो. आणि लोखंडापेक्षा लाकूड त्यांना भरवशाचं वाटायचं, कारण छत दाबायला लागलं की लाकूड आधी कुरकुरतं, चिरकतं. "लाकूड बोलते. तो आवाज आला का हातातलं टाकून पळाचं."

"आणि हे छत कसं वाजलं, आजोबा?" पोट्ट्यानं विचारलं.

"सारं भद्द," ते म्हणाले, आणि मग कुठे बसले.

जेवण. काळा पाव आला, कोळशाच्या भुकटीचा. वेटरनं अभिमानानं सांगितलं, 'अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल'. मी सासूबाईंच्या ताटातून तो उचलून माझ्या ताटात घेतला. त्यांची बीपीची गोळी जेवणासोबत असते आणि हा कोळसा पोटात औषध शोषून घेऊ शकतो. विषबाधेत तो देतात तो याच गुणासाठी. औषध चालू असलेल्यांनी लक्षात ठेवावं, कारण मेनूवर ते कुठे लिहिलेलं नव्हतं. चव म्हणाल तर पावाची. पनीरचे काळे तुकडे बरे होते. 'सुरुंग सिझलर' धूर काढत आला. 'मजूर रस्सा' नावाखाली पाटवडीचा रस्सा होता, त्यात तर्री होती पण तिखट नव्हतं, म्हणजे रंगवलेला होता. सासूबाईंनी पिशवीतून ठेचा काढला. "बाहेरचं चालत नाही मॅडम," असं सांगायला वेटर आला होता, पण मघाचाच तो पोरगा. ठेच्याकडे पाहून त्यानं पाठ फिरवली. जाताना हळूच बोलला, "मी कोरपन्याचा आहो, आजी." कोरपना वणीच्याच बाजूचं. सासूबाईंनी त्यालाही एक पुरी दिली असती.

टेबलावर छोटी मेणबत्ती होती. मामाजींनी ती दोनदा दूर सरकवली. मला वाटलं डोळ्यांना त्रास होत असेल. नंतर त्यांनी फुंकर मारून विझवलीच. खऱ्या खाणीत बिडी-काडी न्यायला बंदी, खाणीच्या तोंडावर खिसे तपासायचे. कोळशातून मिथेन सुटतो, हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी साचतो. तो पाहायला सरदाराकडे, म्हणजे खाणीतल्या मुकादमाकडे, जाळीचा बंद दिवा असे. ज्योत बारीक करून दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, गॅस असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच तितका गॅस जास्त. मामाजींनी हे सांगताना रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून वर नेला, इतका सावकाश, की आम्ही चौघंही ग्लासाकडेच पाहत राहिलो. त्यात काही नव्हतं.

सासूबाई हात धुऊन आल्या त्या तोंडाला पदर लावून. "वो, तिकडच्या खिडकीतून तूर दिसते!" पोट्टा पळत जाऊन बघून आला. खरंच, चारशे फूट खाली मोरीच्या खिडकीतून शेजाऱ्याचं तुरीचं वावर आणि त्यात फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस. या एका दृश्यासाठी मी माझा तीस किलो कापूस माफ केला.

आणि मग ते झालं. दर पाऊण तासाला 'स्फोट' असतो, हे रीलमध्ये होतं, पण मामाजींना कोणी सांगायचं राहिलं. आधी भोंगा वाजला. मग दिवे गेले, हेल्मेटवरचेसुद्धा, सगळे एका बटणावर. धाडकन आवाज, खुर्च्या हादरल्या, वरून कसलीतरी भुकटी पडली. चारी बाजूंनी लोक आनंदानं किंचाळत होते. माझ्या दंडाला काहीतरी घट्ट आवळलं. मामाजींचा हात. त्या काळोखात त्यांचा आवाज येत होता, मोठा नाही, पण आयुष्यात कधी ऐकला नव्हता असा कोरडा: "एक. दोन. तीन." माझा दंड, बायकोचं मनगट, पोट्ट्याची कॉलर. "चार." सासूबाईंची बांगडी वाजली. मग पाचावर ते अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. पाचवे ते स्वतः होते.

दिवे आले. टाळ्या झाल्या. काजळवाल्या पोरांनी 'तुम्ही वाचलात!' असे कागद वाटले. मामाजींनी हात सोडला, रुमालानं टेबलावरची भुकटी पुसली आणि म्हणाले, "धूळ चांगली केली हाय." त्यानंतर ते काही बोलले नाहीत. गोड म्हणून कोळशाच्या ढेकळासारखं चॉकलेट आलं, फोडायला लाकडी हातोडी. ते पोट्ट्यानं फोडलं. सासूबाईंनी पिशवीतून गुळाचा खडा काढून मामाजींच्या हातावर ठेवला. पाळीवरून आलं की ते गूळ खायचे, धूळ उतरते म्हणून. खडा तोंडात धरून ते समोरच्या टबाकडे पाहत राहिले.

बिल आलं १३,८०० चं. बारा हजार जेवणाचे, पाच टक्के जीएसटीचे ६००, आणि १,२०० रुपये सेवा शुल्क न विचारता लावलेलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, देणं न देणं गिऱ्हाईकाच्या मर्जीवर. दुकानदार माणूस, मला बिल वाचता येतं. मी ते काढायला लावलं. मॅनेजरचं तोंड काळ्या पावासारखं झालं. कोरपन्याच्या पोराच्या हातात मात्र शंभराची नोट दिली.

परत लिफ्ट, परत तो पट्ट्याचा सांधा, आता उलट्या दिशेनं. बाहेर आल्यावर मामाजी काउंटरवर थांबले. खिशाचं बटण काढून बिल्ला काढला आणि फळीवर त्याच नंबरच्या खिळ्याला अडकवला. मग आमच्याकडे हात पसरला. पोट्टा म्हणाला, "आजोबा, ते घरी न्यायचे आहेत, फुकट आहेत!" हात तसाच पसरलेला. चार बिल्ले त्यांनी नंबर पाहून एकेक लावले. पोरगी काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी नातवाला समजावलं: पाळी सुटली की फळी पाहतात. एक खिळा रिकामा राहिला की त्याचा अर्थ कोणीतरी खाली आहे.

"राहिला होता का कधी?"

"एकदा," ते म्हणाले आणि काच खाली केली.

रात्री वणीला पोचायला नऊ वाजले.

तिसरा दिवस, रविवार

परतायचं होतं. सोमवारी वेचणीवाल्या बायांचा चुकारा. पण सकाळी सासूबाई लुगडं नेसून, पिशवी घेऊन गाडीत पुढे बसलेल्या. "मले खरी पायची हाय," म्हणाल्या.

त्यांची खाण बंद होऊन काही वर्षं झाली. डांबरी संपून कोळशाच्या चुरीचा रस्ता लागतो, मग वेडी बाभूळ. पंख्याचं घर पडलंय, लॅम्परूमला छप्पर नाही, फक्त भिंतीवर रांगेनं रंगवलेले आकडे अर्धवट उरलेत, जिथे बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. इनक्लाईनचं तोंड भिंत बांधून बंद केलेलं. भिंतीला खाली पाण्यासाठी एक पाईप ठेवलाय, त्यातून बारीक धार येत होती.

सासूबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "इथून किती चालत जा तुमी?"

"कामाच्या जागेपर्यंत? जायचे पाऊन घंटा. यायचा एक."

"मंग येताना उशीर होये तवा मी उगाच भांडो."

मामाजींनी भिंतीला हात लावला. ठोकून पाहतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त हात ठेवला आणि उचलला.

तेवढ्यात मागून गार्ड आला, साठीचा असेल, हातात काठी. इथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, कोण तुम्ही. मी पुढे होऊन नावगाव सांगायला लागलो. मामाजींनी मला मागे सारलं आणि नाव नाही, नंबर सांगितला. गार्डनं काठी बगलेत धरली. "सेकंड पाळी?"

"सेकंड."

"तंबाखू हाय?"

दोघं लॅम्परूमच्या पायरीवर बसले. सासूबाई बाभळीखाली सावली शोधून तिसऱ्या बसल्या, गार्डलाही गूळ दिला. आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते. करंजीच्या वळणावर गाडी पंक्चर झाली, त्यात आणखी तास गेला, आणि घरी पोचलो तो दुपार उलटलेली.